गाढव ओरडेपर्यंत

नवव्या दिवशीही फॉर्मवर तेच:
वेळ दहा वीस. उंची दोन हजार तीनशे चाळीस.
वारा पश्चिमेचा, टोपी उडवील इतका.
खडकाचं तापमान एकतीस, हवेचं अकरा.
दिसलेले सरडे —
इथे रोसाउरा पेन्सिल जरा जास्तच दाबते,
शून्य कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटतं.

आम्ही चौघं, दहा-दहा पावलांचं अंतर राखून
लाव्ह्याच्या काळ्या उतारावरून चालतो,
हरवलेलं कानातलं शोधावं तसे, माना खाली घालून.
प्रत्येक कपारीत आरशाने ऊन सोडायचं,
डोकवायचं, पुढे सरकायचं.
माझ्या हातात मासे धरायची काठी,
टोकाला गळाऐवजी दोऱ्याचा फास.
नऊ दिवसांत त्यात अडकलंय
फक्त माझ्याच बुटाचं बक्कल.

तो जाड शेपटीचा. शेपटीवर काट्यांची कडी.
फुलं-पानं खातो. चाहूल लागली
की फटीत शिरतो, अंग फुगवतो,
पाचर ठोकावी तसा घट्ट बसतो.
ओढून निघत नाही, वाट बघून कंटाळा आणतो.
मादी वर्षाआड विते, पिल्लं एक, फार तर दोन.
एवढ्या सावकाश जगणाऱ्याला
रस्त्याच्या आराखड्यात कुठे बसवायचं?
खाली दरीत लाल झेंड्या रोवून झाल्यात.
आमचा अहवाल मार्चच्या आत हवाय.

दुपारी दोन्या एदुविना आन्तिन्यिरच्या खोपटापाशी टेकतो.
डिसेंबरात ती शेळ्या घेऊन वर येते,
बर्फाआधी उतरते. असे चौसष्ट उन्हाळे.
एक किटली, एक पेला, एकच नळी,
कडू येर्बा हातोहात फिरतो.
"मातुआस्तो?" ती हसते, उरलेले दात दिसतात.
"चावला तर सोडत नाही हं.
गाढव ओरडेपर्यंत सोडत नाही.
माझ्या चुलत्याचा अंगठा धरला होता
आणि आमचं गाढव नेमकं मुकं."

आम्ही हसतो. रोसाउरा मात्र वही उघडते:
पण तुम्ही पाहिलाय कुठे?
बाई जाळाकडे बघते.
"तुमच्यासारखेच आले होते एकदा. मी चौदाची.
मीच दाखवली जागा. साखरेची पिशवी मिळाली.
बारा नेले, बाटल्यांत.
झाकणं लावताना एक जण शीळ घालत होता."
मग पेला भरते, माझ्याकडे सरकवते.
वाऱ्याने दार दोनदा आपटतं.
रोसाउरा वही मिटते.

निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले
तिच्या पावाच्या भट्टीमागे,
आणि दगडांच्या फटीत, बोटापासून वीतभरावर,
एक डोळा.
पापणी खाली आली, वर गेली.
पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं,
भीतीने की आत पिल्लू होतं, कळलं नाही.
समोर पिवळी पाकळी, अर्धी कुरतडलेली.
असलं फूल या उतारावर उगवत नाही.
ते बाईच्या दाराशी, तेलाच्या डब्यात लावलेलं.

काठी हातात होती. फास उघडा होता.
वर बघितलं तर दारात ती,
किटली धरून उभी. बोलली नाही.
मी दुसऱ्या बुटाचीही नाडी बांधली,
सुटलेली नव्हती तरी.

रात्री तंबूत रोसाउरा दिव्याखाली शून्यं तपासते.
तिला सांगितलं तर रस्ता थांबेल, कदाचित.
कदाचित बाटल्याही येतील, नव्या झाकणांच्या.
आधी बाईला विचारावं, मग हिला सांगावं,
की आधी हिला, आणि मग कुठल्या तोंडाने बाईकडे —
"झोपलीस का?" रोसाउरा विचारते.
हो म्हणते मी, आणि लगेच कळतं काय म्हणाले.

तेवढ्यात खाली गाढव ओरडतं,
लांबलचक, बेसूर, दरी भरून.
अंधारात मी माझा अंगठा चाचपते.